अ‍ॅजिनकोर्टची लढाई टेबलावर: आधी जमीन मोजा, सैनिक नंतर आणा

अ‍ॅजिनकोर्टची लढाई, म्हणजे १४१५ साली उत्तर फ्रान्समध्ये इंग्रज आणि फ्रेंचांत झालेली, मिनिएचर सैनिकांनी टेबलावर मांडली की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर फ्रेंच बाजूचा खेळाडू जागचा हलत नाही. पुढे चिखल आहे, बाण येणार आहेत हे त्याला आधीच ठाऊक असतं, मग तो चहा पीत बसून राहतो. नाहीतर तिसऱ्या-चौथ्या फेरीतच तिरंदाज समोरचं सगळं झोपवतात आणि उरलेली संध्याकाळ सैनिक डब्यात भरण्यात जाते. दोष नियमांना दिला जातो. खरी चूक असते तयारीच्या क्रमात: आधी सैनिक विकत घेतले, मग ते मावतील असं टेबल शोधलं, आणि मैदान शेवटी जमेल तसं अंथरलं. आधी कळस मग पाया.

इथे क्रम उलटा आहे. दोन खेळाडू, एक पंच, साधे सहा बाजूंचे वीसेक फासे आणि सलग तीन-साडेतीन तास एवढं जमवा. पंच नसला तर डाव होतो, पण वाद जास्त होतात.

## टप्पा १: डाव कोणत्या क्षणी सुरू होतो ते ठरवा

तारीख २५ ऑक्टोबर १४१५. सकाळी दोन्ही सैन्यं साधारण किलोमीटरभर अंतरावर कितीतरी वेळ नुसती उभी होती. ही वाट बघण्याची वेळ टेबलावर आणू नका. इंग्लंडचा राजा पाचव्या हेन्रीने आपली फळी पुढे सरकवून बाणाच्या टप्प्यात आणली आणि तिरंदाज घोडे अडवायचे अणकुचीदार खुंट नव्याने रोवायला लागले, तिथून डाव सुरू करा. याची दोन कारणं. किलोमीटरभर अंतर घरातल्या टेबलावर मावत नाही. आणि फ्रेंचांच्या हाती खरी संधी होती ती नेमकी याच काही मिनिटांत: खुंट रोवून व्हायच्या आत घोडदळ अंगावर घालणं.

खेळाडूंना इतिहासाचं व्याख्यान देऊ नका. प्रत्येकाला त्याच्या बाजूची चिठ्ठी द्या, पाच-सहा ओळींची. इंग्रजांच्या चिठ्ठीत: हार्फ्लर बंदर जिंकलं, पण हगवणीने सैन्य पोखरलंय, अन्न संपत आलंय, आपल्या ताब्यातल्या कॅले बंदराला पोचायचंय आणि रस्ता अडवलाय, म्हणजे थांबणं परवडणारं नाही. फ्रेंचांच्या चिठ्ठीत: थांबलात तर फायदा तुमचाच, पण राजा सहावा चार्ल्स मैदानावर नाही, युवराजही नाही. हुकूम सरसेनापती शार्ल दाल्ब्रेचा, आणि त्याच्याभोवती त्याच्याहून मोठ्या घराण्यांतले ड्यूक, प्रत्येकाला पहिल्या फळीत जागा हवी. डाव कसा संपला हे चिठ्ठीत लिहू नका. सगळ्यांना ते माहीत असतं, तरीही नको.

तपासा: प्रत्येक खेळाडूला आपल्याला काय साधायचंय हे एका वाक्यात सांगता येतंय का? ‘समोरच्याला मारायचंय’ असं उत्तर आलं तर चिठ्ठी पुन्हा लिहा.

## टप्पा २: मोजमाप

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई नको. वही आणि पेन्सिल घेऊन बसा. सैनिक अजून मागवायचे नाहीत.

लढाई झाली त्या ठिकाणी दोन रानांमधली मोकळी पट्टी साधारण ९०० मीटर रुंद धरू. पश्चिमेला अझँकूर (हेच इंग्रजांचं अ‍ॅजिनकोर्ट) गावाचं रान, पूर्वेला त्रामकूरचं. टेबल ६ फूट बाय ४ फूट, म्हणजे १८० सेंमी बाय १२० सेंमी. ९०० मीटर १८० सेंमीत बसवले की १ सेंमी म्हणजे ५ मीटर. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. पुढचं सगळं यावरून निघतं.

बाणाचा टप्पा: लाँगबोचा (इंग्रज तिरंदाजांच्या उंच धनुष्याचा) लांबचा मारा २५० मीटर धरला तर टेबलावर ५० सेंमी. चिलखताला खरा धोका जवळून, म्हणून १०० मीटरच्या आत, म्हणजे २० सेंमीपर्यंत, जवळचा मारा.

आता माणसं. आकड्यांवर इतिहासकारांत मोठा वाद आहे. काही जण इंग्रजांना सहा हजारांच्या आसपास ठेवतात, तर काही नऊ हजारांपर्यंत नेतात. फ्रेंचांचे अंदाज बारा हजारांपासून वर, पार दुपटीपर्यंत जातात. डावासाठी इंग्रज ६,००० (५,००० तिरंदाज, १,००० चिलखती) आणि फ्रेंच १२,००० धरा. एका माणसाला एक मीटर जागा दिली, तिरंदाज ८ ओळी खोल आणि चिलखती ४ ओळी खोल उभे केले, तर तिरंदाजांची रांग ६२५ मीटर आणि चिलखत्यांची २५० मीटर होते. एकूण ८७५, म्हणजे फळी दोन्ही रानांना टेकते. हिशेब जुळला की समजायचं, मोजमाप बरोबर.

सैनिक ज्या पट्टीवर चिकटवायचे ती ८ सेंमी रुंद, ४ सेंमी खोल ठेवा. ८ सेंमी म्हणजे ४० मीटर. आठ ओळींची पट्टी ३२० माणसांची, चार ओळींची १६० माणसांची. यावरून संख्या अशी येते:

- इंग्रज, २२ पट्ट्या: तिरंदाज १६, चिलखती ६.
- फ्रेंच, ४२ पट्ट्या: आघाडीचे चिलखती (पायी) १६, मधल्या फळीतले चिलखती (पायी) १२, बाजूंचं घोडदळ २ आणि २, पिछाडीचे स्वार ६, क्रॉसबोवाले (आडव्या, चापाच्या धनुष्याचे नेमबाज) ४.

बाजूच्या घोडदळाच्या पट्टीत दोनच ओळी, म्हणजे ८० स्वार. चारही पट्ट्या मिळून ३२०. हे कमी वाटेल आणि फ्रेंच खेळाडू कुरकुर करेल. पण त्या दिवशीही हेच झालं: बाजूंना नेमलेले बरेच स्वार वाट बघून कंटाळून इकडेतिकडे पांगले होते, आणि धडक द्यायची वेळ आली तेव्हा योजलेल्यापेक्षा कितीतरी कमी घोडे जागेवर होते. आकडा वाढवू नका.

सावध: टेबल लहान असेल, समजा ५ फूट बाय ३ फूट, तर पट्ट्या कमी करू नका. पट्टीचाच आकार त्या प्रमाणात लहान करा. पट्ट्यांची संख्या घटवली की मैदान मोकळं होतं, आणि मोकळ्या मैदानावर ही लढाई होतच नाही.

## टप्पा ३: मैदान

प्लायवूडचा ८ बाय ४ चा शीट घ्या आणि सुताराकडून ६ बाय ४ कापून आणा. डायनिंग टेबलावर जुनी चादर घालून त्यावर तो ठेवा, म्हणजे टेबलाला ओरखडे पडणार नाहीत आणि घरात बोलणी बसणार नाहीत.

नांगरलेल्या शेतासाठी तपकिरी कॉर्डरॉय कापड सगळ्यात सोपं. त्यातल्या रेघा सऱ्यांसारख्या दिसतात, धुता येतं, घडी घालून ठेवता येतं. उत्तर-दक्षिण दिशेत मधलं सगळं शेत कॉर्डरॉयने झाका. आदल्या रात्री पाऊस झालाय, जमीन नुकतीच नांगरून पेरलीय, त्यात शेकडो घोडे फिरलेत. तेव्हा चिखल सगळीकडे. कोपऱ्यात एखादं तपकिरी डबकं ठेवून ‘हा चिखल’ म्हणण्याची सवय मोडा. तसं केलं की शहाणा खेळाडू त्याला वळसा घालतो.

रान मात्र टेबलाच्या आत आणू नका. टेबलाची पूर्व आणि पश्चिम कड म्हणजेच रान. हिरव्या घासणीचे तुकडे काड्यांवर लावून कडेला एका रांगेत उभे केले की पुरे. दाट झाडी सुंदर दिसते म्हणून कडेपासून पंधरा-पंधरा सेंमी आत घेतली, तर १८० सेंमीचं मैदान १५० होतं आणि तुमच्या तिरंदाजांना उभं राहायला जागाच उरत नाही.

खुंटांसाठी टूथपिक अर्धे कापून जाड पुठ्ठ्याच्या ८ सेंमी पट्टीत तिरपे खोचा. अशा १६ पट्ट्या. त्या सुट्या हव्यात, तिरंदाजांच्या पट्टीला चिकटवलेल्या नकोत. कारण रोवायला वेळ लागतो आणि तिरंदाज त्यांच्यामागून बाहेरही पडतात.

दिवाळीच्या किल्ल्यातले मातीचे मावळे वापरायचा मोह घरातल्या लहानांना होईल. डाव तालमीचा असेल तर जरूर वापरू द्या. फक्त त्यांची उंची एकमेकांशी जुळत नाही आणि आठ सेंमीच्या पट्टीवर दोनच मावतात.

## टप्पा ४: सैनिक

आता कुठे सैनिक. १५ मिमीचे धातूचे सैनिक लावायचे तर पट्टीमागे आठ धरून ६४ पट्ट्यांना पाचशेवर लागतात. ते परदेशातून मागवायचे, कस्टम भरायचं, घासायचे, प्रायमर मारायचा, रंगवायचे. पहिल्या डावासाठी हे करू नका. जाड कागदावर सैनिकांच्या रांगा छापा, ८ सेंमी रुंद कापा, घडी घालून उभ्या करा आणि पुठ्ठ्याच्या पट्टीवर चिकटवा. दोन संध्याकाळी पुरतात. डाव आवडला तर मग कागदाच्या जागी हळूहळू खरे सैनिक आणा, इंग्रज चिलखत्यांच्या सहा पट्ट्यांपासून सुरुवात करून. सगळे डोळे तिथेच लागलेले असतात.

निशाणं मात्र पहिल्या दिवसापासून हवीत. इंग्रजांची तीन: मध्ये हेन्री, उजवीकडे यॉर्कचा ड्यूक एडवर्ड, डावीकडे लॉर्ड कॅमॉईस. प्रत्येकाकडे चिलखत्यांच्या दोन पट्ट्या. फ्रेंचांची दोन पुरेत: आघाडीत दाल्ब्रे, मधल्या फळीत आलाँसोंचा ड्यूक. ही निशाणं शोभेची नाहीत; पुढे सातव्या टप्प्यात त्यांच्यावरच सगळा खेळ आहे.

तपासा: प्रत्येक पट्टीच्या मागच्या बाजूला क्रमांक लिहिलाय का? नसेल तर पाचव्या फेरीत कोणत्या पट्टीवर किती थकवा होता यावरून भांडण ठरलेलं.

## टप्पा ५: मांडणी

दक्षिणेची कड इंग्रजांची. त्यांची पुढची रेघ कडेपासून २५ सेंमीवर. मध्ये चिलखत्यांच्या ६ पट्ट्या (४८ सेंमी), दोन्ही बाजूंना तिरंदाजांच्या आठ-आठ (प्रत्येकी ६४ सेंमी). तिरंदाज फक्त बाजूंना होते की चिलखत्यांच्या तुकड्यांमध्येही पाचरीसारखे घुसवले होते, यावर मतभेद आहेत. पहिल्या डावाला बाजूंनाच ठेवा, नियम सोपे राहतात. मागे दक्षिण कडेला सामानाचा तळ, मेझोंसेल गावाच्या बाजूने.

फ्रेंच आघाडीची पुढची रेघ इंग्रजांपासून बरोबर ५० सेंमीवर. १६ पट्ट्या एका रांगेत, १२८ सेंमी. तिच्या दोन्ही टोकांना घोडदळाच्या दोन-दोन पट्ट्या. दहा सेंमी मागे मधली फळी, तिच्यामागे क्रॉसबोवाले, आणि अगदी उत्तर कडेला पिछाडीचे स्वार.

क्रॉसबोवाले मागे ठेवायचे हे फ्रेंच खेळाडूला पटणार नाही. तो त्यांना पुढे काढू पाहील. पंचाने ठाम राहायचं. त्या दिवशी मानकऱ्यांनी पुढच्या जागा बळकावल्या आणि नेमबाज मागे पडले. आपल्याच माणसांच्या डोक्यावरून त्यांना धड नेम धरता येईना. डावातही ते वरातीमागून घोडं. पहिली फळी मोडेपर्यंत त्यांना नेम मिळत नाही.

तपासा: पट्टीने (मोजायच्या, सैनिकांच्या नव्हे) तीन ठिकाणी अंतर मोजा. मधोमध ५० आणि टोकाला ४६ असेल तर पहिल्याच माऱ्यात वाद होतो.

## टप्पा ६: फेरीचे नियम

तुमच्याकडे आवडते छापील नियम असतील तर ते वापरा, फक्त चिखल, गर्दी आणि उधळलेले घोडे हे तीन भाग खालच्यातून उचला. नसतील तर एवढ्यावर पूर्ण डाव होतो.

प्रत्येक फेरीत क्रम एकच: फ्रेंच हालचाल, इंग्रज हालचाल, बाण, हातघाई. क्रम बदलायचा नाही.

हालचाल. चिखलात चिलखती १० सेंमी, तिरंदाज १५ सेंमी, घोडदळ २५ सेंमी.

थकवा. थकवा म्हणजे एक मणी. पट्टीमागे मणी ठेवायचे. पायदळाची पट्टी चौथ्या मण्याला आणि घोडदळाची तिसऱ्या मण्याला मोडते. थकवा उतरत नाही. चिलखती पट्टी चिखलातून हलली की प्रत्येक वेळी एक फासा टाका. १ आला तर एक मणी. तिरंदाज हलके असतात, त्यांना हे लागू नाही.

बाण. तिरंदाजांच्या प्रत्येक पट्टीला एक फासा. लांबच्या माऱ्यात चिलखती पायदळावर ६ ला मणी, जवळच्या माऱ्यात ५ किंवा ६ ला. घोड्यांवर लांबून ५ किंवा ६, जवळून ४ पासून वर. डावीकडच्या आणि उजवीकडच्या तिरंदाजांना प्रत्येकी एकूण सहाच मारे. त्यांच्याजवळ काडेपेटीतल्या सहा काड्या ठेवा, मारा केला की एक उचला. बाणांची जुडी चोवीसची, ती भराभर सोडली तर काही मिनिटांत संपते. अमर्याद बाण देणं हीच ती चूक, जिच्यामुळे डाव चौथ्या फेरीत आटोपतो.

इथे थांबून हिशेब करून बघा. आघाडी ५० सेंमीपासून निघाली की तिच्यावर साधारण तीन लांबचे आणि दोन जवळचे मारे बसतात. सोळा फाशांचे तीन लांबचे मारे सरासरी आठ मणी देतात, दोन जवळचे दहा-अकरा. चिखलातल्या पाच हालचाली आणखी तेरा. बत्तीसच्या आसपास मणी, सोळा पट्ट्यांत वाटले तर प्रत्येकी दोन. म्हणजे फ्रेंच पोचतात, पण दमलेले पोचतात. हवं ते एवढंच. बाणांनी मैदान साफ करायचं नाही, समोरच्याला थकवून हातघाईत आणायचं. तुम्ही आकडे बदललेत तर हा हिशेब पुन्हा करा. पट्टीमागे सरासरी तीन मणी आले तर डाव मेला, एक आला तर इंग्रजांची धडगत नाही.

खुंट. रोवायला पूर्ण दोन फेऱ्या. रोवत असताना मारा नाही. दुसऱ्या फेरीच्या शेवटी खुंट उभे राहतात, त्याआधी नाहीत.

हातघाई. भिडलेल्या दोन्ही पट्ट्यांनी एकेक फासा टाकायचा आणि त्यात मिळवायचं:

- चिलखती किंवा स्वार: अधिक २. तिरंदाज: शून्य.
- फ्रेंच पट्टीवर दोनपेक्षा कमी मणी असतील तर पहिल्या धडकेला अधिक १.
- स्वतःवर दोन किंवा तीन मणी: उणे १.
- तिरंदाजांसमोर दोन किंवा जास्त मणी असलेला शत्रू: तिरंदाजांना अधिक १.
- दुसऱ्याशी भिडलेल्या शत्रूच्या कुशीत घुसलात: अधिक २.
- घोडदळ खुंटांवर: उणे ३.
- गर्दी (खाली पाहा): उणे १.

जास्त बेरीज जिंकते. फरक १ किंवा २ असेल तर हरणाऱ्याला एक मणी. ३ किंवा जास्त असेल तर दोन मणी आणि ५ सेंमी माघार. बरोबरीत दोघंही जागेवर.

गर्दी. पट्टीच्या पाठीला चिकटून आपल्याच दोन पट्ट्या असतील तर ती गर्दीत सापडली. हात उचलायला जागा नाही, मागे सरायलाही नाही. माघार घ्यायची वेळ आली आणि जागा नसली तर तिला माघारीऐवजी आणखी एक मणी. हा नियम गाळून खेळणारे बरेच आहेत. मग फ्रेंच संख्या हे नुसतं बळ होऊन बसतं आणि लढाई उलटी लागते. त्या दिवशी मागून रेटा वाढत गेला आणि पुढचे पडले ते उठू शकले नाहीत.

उधळलेले घोडे. घोडदळाची पट्टी हातघाई हरली किंवा तिच्यावर तिसरा मणी आला की ती उधळते. जवळच्या फ्रेंच पायदळाच्या दिशेने सरळ पळते, वाटेत पहिली जी आपली पट्टी लागेल तिला एक मणी देते आणि टेबलावरून उतरते.

## टप्पा ७: फ्रेंचांना हलवायचं कसं

ही या डावाची नाडी. जाणत्या खेळाडूला मोकळं सोडलं तर तो हलणार नाही. दंडुका दाखवून हलवलं तर तो चिडेल. म्हणून हलणं हे त्याच्या सरदारांच्या स्वभावातून यायला हवं.

पहिल्या तीन फेऱ्यांत बाजूचं घोडदळ स्वतःहून धडक देऊ शकतं, पण पांगलेले स्वार गोळा व्हायला हवेत. प्रत्येक बाजूला एक फासा: पहिल्या फेरीत ६ हवा, दुसऱ्या फेरीत ५ पासून वर, तिसऱ्या फेरीत ४ पासून वर. पहिल्याच फेरीत ६ पडला तर २५ आणि २५ असे ५० सेंमी कापून ते दुसऱ्या फेरीत तिरंदाजांना भिडतात, खुंट उभे राहायच्या आधी. सहात एकदा येणारी ही शक्यता इंग्रज खेळाडूची झोप उडवते. दुसऱ्या फेरीत तो रोवणं सोडून बाण मारू शकतो, पण मग खुंटांच्या दोन फेऱ्या पुन्हा पहिल्यापासून.

इंग्रजांचा पहिला मारा झाला की पुढच्या फेरीत घोडदळाला धडक द्यावीच लागते. त्याच्या पुढच्या फेरीपासून आघाडी चालू लागते आणि थांबत नाही. आघाडी भिडली की मधल्या फळीसाठी दर फेरीला एक फासा: ४ पासून वर आला तर तीही पुढे रेटते, खेळाडूला हवं असो वा नसो. इथे फ्रेंच खेळाडूच्या चेहऱ्याकडे बघण्यासारखं असतं. पुढे जागा नाही हे त्याला दिसतंय, आणि आलाँसोंचा ड्यूक निघालाय.

दिशेचा नियम: फ्रेंच चिलखती पट्टीने नेहमी सगळ्यात जवळच्या इंग्रज निशाणाकडे जायचं. खंडणी तिथे, मान तिथे. साध्या तिरंदाजाशी लढण्यात त्यांना प्रतिष्ठा नव्हती. तिरंदाज स्वतः खुंटांबाहेर येऊन भिडले तरच त्यांच्यावर वळता येतं. परिणाम टेबलावर लगेच दिसतो: १२८ सेंमीची फळी ४८ सेंमीच्या तोंडात शिरू पाहते, टोकाच्या पट्ट्या तिरक्या चालत तिरंदाजांसमोरून जातात, आणि गर्दी आपोआप तयार होते.

इंग्रजांनाही सूट नाही. पाचव्या फेरीच्या शेवटापर्यंत एकही मारा केला नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक फेरीला त्यांच्या एका चिलखती पट्टीवर एक मणी. उपाशी सैन्य उभं ठेवण्याची किंमत.

सावध: फ्रेंच बाजूला दोन खेळाडू मिळाले तर एकाला आघाडी, दुसऱ्याला मधली फळी द्या आणि पहिल्या फेरीनंतर त्यांचं आपसातलं बोलणं बंद करा. निरोप फक्त चिठ्ठीने, तोही पंचामार्फत, एक फेरी उशिरा.

## टप्पा ८: कोण जिंकलं

मोडलेल्या पट्ट्या नुसत्या मोजल्या तर फ्रेंच खेळाडू दहा वेळा खेळूनही आठ वेळा हरेल आणि नवव्या वेळी येणारच नाही. डाव १६ फेऱ्यांचा ठेवा. इंग्रज चिलखत्यांच्या तीन पट्ट्या मोडल्या किंवा हेन्रीची पट्टी मोडली तर फ्रेंच तिथेच जिंकले. नाहीतर सोळाव्या फेरीला मोडलेल्या फ्रेंच पट्ट्या मोजा: १८ किंवा जास्त म्हणजे इंग्रजांचा निर्विवाद विजय, १० ते १७ म्हणजे हेन्री कॅलेला पोचला, पण रिकाम्या हाती, डाव बरोबरीत, १० पेक्षा कमी म्हणजे रस्ता अजून अडलेला आहे, फ्रेंच जिंकले. दोन-तीन डाव झाले की हे आकडे आपल्या खेळाडूंप्रमाणे थोडे हलवायला हरकत नाही.

पिछाडीचे स्वार दहाव्या फेरीपासून पंचाच्या हाती. दर फेरीला एक फासा, ६ आला तरच उतरतात. तळावरचा छापाही पंचाकडे: आठव्या फेरीनंतर एकदा ५ किंवा ६ पडला की स्थानिक सरदार इझांबार दाझँकूर काही माणसं घेऊन सामानावर पडतो, आणि इंग्रजांना तिरंदाजांची एक पट्टी मागे पाठवावी लागते.

कैद्यांच्या कत्तलीचा हुकूम त्या दिवशी हेन्रीने दिला होता. त्यासाठी मी नियम ठेवत नाही. त्याला गुण दिले की टेबलावर लोक हसत हसत तो हुकूम देतात, आणि ते मला बघवत नाही.

## टप्पा ९: रंगीत तालीम, मग डाव

खऱ्या डावाच्या आदल्या दिवशी फक्त अर्धं टेबल मांडा: एका बाजूचे आठ तिरंदाज, तीन चिलखती, समोर आघाडीच्या आठ पट्ट्या आणि घोडदळाच्या दोन. सात-आठ फेऱ्या खेळा. तालमीत तीनच गोष्टी बघायच्या. आघाडी भिडली तेव्हा पट्टीमागे सरासरी किती मणी आहेत? गर्दी आपोआप होतेय की पंचाला सारखी आठवण करावी लागतेय? आणि एका फेरीला किती मिनिटं लागतात? बारापेक्षा जास्त लागत असतील तर मणी आणि फासे प्रत्येकाच्या हाताशी वेगवेगळे ठेवा, एकाच वाटीत नको.

डावाच्या दिवशी इंग्रज खेळाडू बहुधा सगळ्या काड्या आघाडीवरच उधळतो. सहावा मारा संपतो आणि त्याच फेरीला पहिली फळी भिडते, मधली अजून ताजी. त्याला आधी सांगू नका. एक-दोन लांबचे मारे राखून ठेवायचे हे त्याला पहिल्या डावातच कळू दे. काड्या संपल्यावर तिरंदाज नुसते उभे ठेवणं ही दुसरी नेहमीची चूक. बाण संपलेले तिरंदाज कुऱ्हाडी आणि खुंट ठोकायचे मोगर घेऊन चिखलात उतरतात, आणि दमलेल्या फ्रेंच पट्टीच्या कुशीत त्यांना अधिक १ आणि अधिक २ असे दोन्ही मिळतात. इंग्रजांचा डाव जिंकला जातो तो इथे.

डाव संपला की सैनिक उचलायच्या आधी मोबाईलवर वरून एक फोटो घ्या आणि वहीत लिहा: आघाडी कितव्या फेरीला भिडली, तेव्हा एकूण मणी किती, घोडे कोणाला जाऊन धडकले. पुढच्या डावात एकच गोष्ट बदला. चिखलाचा फासा काढून टाका, किंवा घोडदळ दुप्पट करा, किंवा क्रॉसबोवाले पुढे घ्या. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते सांगता येणार नाही. माझ्या मते सुरुवात घोडदळापासून करावी, कारण फ्रेंच खेळाडूची सगळ्यात मोठी तक्रार तीच असते.